पाहुणीची ओळख

मराठी भाषेत 'ओळख' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या व्यवहारांस पुरतो. चोरीस गेलेली वस्तू पोलीस-चौकीत पाहून 'ही आमचीच' असे सांगणे, ही एक ओळख. आणि शेजारच्या बिऱ्हाडाशी वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने जो घरोबा जडतो, ती दुसरी. पहिलीस एक दृष्टिक्षेप पुरे होतो. दुसरीस काळ लागतो. पहिली खुणेवरून पटते. दुसरी सहवासाने वाढते. इतके अंतर असलेल्या ह्या दोन गोष्टी भाषेने एकाच शब्दाच्या छत्राखाली का बसविल्या असतील, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल. आम्हांस त्याचे उत्तर कोणत्याही कोशात मिळाले नाही. ते मिळाले एका पांढऱ्या फुलाच्या झाडापाशी. वनस्पतींच्या बाबतीत तरी पहिली ओळख दुसरीवाचून पुरी होत नाही, आणि ती अपुरी राहिली तर प्रसंगी ते झाडाच्या जिवावर बेतते, असे आता आमचे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

झाड म्हणावे इतके ते मोठे नाही. जमिनीलगत आल्याप्रमाणे आडवे सरकणारे जाड मूळखोड, आणि त्यातून पंख्यासारखी एकाच पातळीत पसरणारी, तलवारीच्या आकाराची, गर्द हिरवी, चिवट पाने, असा त्याचा थाट असतो. हे पंखे बारा महिने तसेच उभे असतात. ज्यांनी वेखंड पाहिले आहे, त्यांस हे झुपके पाहून वेखंडाची आठवण होईल. मात्र पान चुरगळून पाहिले तर वेखंडाचा तो उग्र वास येत नाही. पंख्यांच्या मधून हात-दीड हात उंचीची, वेतासारखी गोल व कठीण दांडी वर येते. तिच्या टोकाशी, हिरव्या आवरणात, कळ्या एकीआड एक दडलेल्या असतात. फूल पांढरे शुभ्र, सहा पाकळ्यांचे. बाहेरच्या तीन पाकळ्यांवर हळदीचे बोट लावावे तसा एकेक पिवळा ठिपका. आणि ऐन मध्यभागी फिकट जांभळ्या रंगाच्या तीन चिमुकल्या पाकळ्या, ज्या वस्तुतः पाकळ्या नव्हेत. त्यांच्याविषयी पुढे सांगूच.

आमच्या धाकट्या मावशीच्या पुण्यातील घराच्या मागील अंगणात, रामफळाच्या सावलीत, ह्या झाडाचा ऐसपैस ताटवा होता. त्याचे शास्त्रीय नाव मावशीस ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नव्हते. तिने त्याला आपले एक नाव दिले होते: 'पाहुणी'. सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी ती मागचे दार उघडी, आणि ताटव्यात पांढरे काही दिसले की कुंपणापलीकडच्या वहिनींना हाक मारी, "अहो वहिनी, पाहुणी आली आहे. आताच बघून जा. दिवेलागणीपर्यंत राहायची नाही ती." ही फुले ती देवपूजेलाही तोडू देत नसे. एकदा आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, जिला एकच दिवस मिळाला आहे, तिचा तो तरी कशाला घ्यायचा?" ह्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. मावशीच्या पश्चात, २०१६ साली, ते घर पाडून तेथे नवी इमारत उभी करण्याचे ठरले. वाटणीत भांडी, कपाटे, फोटो ज्याचे त्याने नेले. अंगण कोणाच्याच वाटणीस आले नव्हते. आम्ही कुदळीने ताटव्याचा एक गड्डा खणून काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, पूर्वेच्या भिंतीलगत, त्याची लागवड केली. मावशीच्या घरची जिवंत अशी एवढीच वस्तू आता उरली आहे.

येथपर्यंत हा घरगुती मामला होता. नावाचा प्रश्न निघाला तो आवारात आल्यावर. "हे काय लावले?" असे ज्याने त्याने विचारावे, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगावे, "लिली दिसते!" आपल्याकडे लांब पानांच्या व पांढऱ्या फुलांच्या कोणत्याही झाडास 'लिली' म्हणून मोकळे होण्याची रीतच पडून गेली आहे. सुदर्शन ही लिली, निशिगंध ही लिली, सोनटक्का हीही लिलीच! वस्तुतः ह्यांच्या कुळांचा निवाडा करण्यास भिंग लागत नाही की ग्रंथही लागत नाही; फुलातील पुंकेसर मोजता आले म्हणजे काम भागते. खऱ्या लिलीत ते सहा असतात, सुदर्शनातही सहाच. सोनटक्का आल्याच्या कुळातला, त्यात पराग देणारा पुंकेसर एकच. आणि आमच्या पाहुणीच्या फुलात मोजले तर ते तीन भरतात. बीजकोश पाकळ्यांच्या खाली, पाने पंख्यासारखी, आणि पुंकेसर तीन: ह्या तीन गोष्टी एकत्र आढळल्या की झाड आयरिस-कुलातले समजावे. हे कुल आपणांस वाटते तितके परके नाही. फुलबाजारातला ग्लॅडिओलस ह्याच कुळातला. आणि सणासुदीला दुधात खलून ज्याचा रंग आपण श्रीखंडात उतरवितो, ते काश्मिरातील पांपोरचे केशरही ह्याच घराण्यातले. केशराच्या ज्या तांबड्या काड्यांस सोन्याचा भाव येतो, त्या त्या फुलातील स्त्रीकेसराच्या तीन शाखा होत.

ह्या तीन शाखांनीच पाहुणीच्या फुलात मोठी मौज केली आहे. केशरात त्या सूत्रासारख्या लोंबतात. येथे त्या रुंद होऊन, रंग धारण करून, पाकळ्यांचे सोंग घेतात. मघाशी ज्या जांभळ्या पाकळ्यांचा उल्लेख केला, त्या ह्याच. प्रत्येक शाखेच्या पोटाशी एकेक पुंकेसर असा दडलेला असतो की, शोधल्याशिवाय सापडू नये. बाहेरच्या पाकळीवर उतरलेली माशी पिवळ्या ठिपक्याच्या रोखाने आत शिरते, तेव्हा वरच्या जांभळ्या छपराखालून जाताना तिच्या पाठीस पराग लागतात. आणि पुढच्या फुलात शिरताना ते तेथील छपराच्या कडेस पुसले जातात. म्हणजे ज्यास आपण एक फूल म्हणतो, त्यात तीन निरनिराळी दारे असतात. ही रचना एकदा पाहिल्यावर मनुष्य पुन्हा त्यास लिली म्हणणार नाही.

कुल ठरले, परंतु कुलाने व्यक्ती ठरत नाही. पुढचा शोध घेता घेता आम्ही आफ्रिकेत जाऊन पोहोचलो. पाहुणीचे माहेर ते. दक्षिण आफ्रिकेपासून वर पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत व अरण्यांच्या कडांना ती आपोआप वाढते. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनीअसने तिचे प्रथम नामकरण केले आणि तिला 'मोरिया' ह्या प्रजातीत बसविले. ह्या प्रजातीच्या नावाचीही एक गंमत आहे. इंग्लंडातील बागकामाचा प्रसिद्ध जाणता मिलर ह्याने रॉबर्ट मोर ह्या वनस्पतिप्रेमी गृहस्थाच्या सन्मानार्थ ते नाव काढले होते. लिनीअसने त्यात एका अक्षराची भर घातली, आणि ते त्याची पत्नी सारा हिच्या माहेरच्या आडनावाशी तंतोतंत जुळले. एका पुरुषाचे स्मारक एका अक्षराच्या जोरावर एका स्त्रीचे स्मारक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु मोरियांच्या घरात पाहुणीचे बस्तान बसले नाही. मोरियांना जमिनीत घट्ट कंद असतो. हिला सरपटणारे मूळखोड, अगदी आयरिसांसारखे. बरे, आयरिसांत घालावे तर ते सारे उत्तर गोलार्धातले, आणि त्यांच्या पाकळ्या तळाशी जुळून नळी झालेली. हिच्या पाकळ्या मोरियांप्रमाणे सुट्या. दोन्ही घरांशी नाते, पण बिऱ्हाड एकातही नाही, अशी ही अवस्था. सॅलिसबरी ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यावर तोड काढली व 'डायेटीस' हे नवे नाव सुचविले. क्लाट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली ते रीतसर प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेतील ह्या शब्दाचा अर्थ 'दोन नातलगांची' असा होतो. हे वाचून मावशीची आम्हांस प्रकर्षाने आठवण झाली. दोन घरांशी नाते असलेल्या स्त्रीस आपण काय म्हणतो? सासरी ती सून, माहेरी ती पाहुणी!

डायेटीस प्रजातीत एकंदर सहा जाती मानतात. त्यांपैकी पाच आफ्रिकेत आहेत. सहावी मात्र ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस समुद्रात सुमारे सहाशे किलोमीटर दूर असलेल्या लॉर्ड हाऊ नावाच्या चिमुकल्या बेटावर एकटीच राहते. तिचीही फुले पांढरी. मध्ये सारा हिंदी महासागर आणि सारे ऑस्ट्रेलिया खंड पसरलेले असताना ही एक बहीण इतक्या दूर कशी जाऊन राहिली, ह्याचा विचार मन थक्क करतो. तथापि बागांतून जगभर पसरल्या त्या मुख्यतः तीन. त्यांतील एकीची फुले पिवळी असल्याने तिच्याबद्दल घोटाळा होण्याचे कारण नाही. उरलेल्या दोघी पांढऱ्या, आणि तेथेच खरी अडचण उभी राहते.

ह्या दोघींपैकी एकीचे नाव 'इरिडिऑयडीस', म्हणजे आयरिससारखी दिसणारी. लिनीअसने नामकरण केले ते हिचे. दुसरी 'ग्रँडिफ्लोरा', म्हणजे मोठ्या फुलांची. हिला स्वतंत्र जात म्हणून हे नाव क्यू येथील ब्राउन ह्या शास्त्रज्ञाने १९२८ साली दिले. म्हणजे एकीच्या बारशानंतर दुसरीच्या बारशास दीडशेहून अधिक वर्षे लागली. इतका काळ दोघींना एकच समजणारे लोक काही आंधळे नव्हते. दोघींची पाने तशीच, रंग तेच, पिवळे ठिपके तेच, मधल्या जांभळ्या शाखाही त्याच. घोटाळ्यात भर म्हणून रोपवाटिकांच्या चिठ्ठ्यांवर 'व्हेजेटा' असे एक तिसरेच नाव अजूनही फिरत असते. हे नाव मुळात एका निराळ्याच मोरियाचे. परंतु ते ह्या दोघींपैकी कोणालाही सर्रास चिकटविले जाते. आम्ही मुद्दाम तुलनेसाठी एका रोपवाटिकेतून पांढऱ्या फुलांचे एक रोप आणले. त्याच्या कुंडीवरील चिठ्ठीवर 'व्हेजेटा' असे लिहिले होते, आणि विकणारा तोंडाने 'आफ्रिकन लिली' म्हणत होता. एका कुंडीवर दोन नावे, आणि दोन्ही उसनी!

आता कोणी विचारील की, हा सारा खटाटोप कशासाठी? गुलाबास दुसरे नाव दिले म्हणून त्याचा सुगंध कमी होत नाही, हे वचन तर शाळेतल्या मुलासही पाठ असते. सुगंधापुरते ते खरेही असेल. परंतु सुगंध घेणारा आणि झाड वाढविणारा ह्यांच्यात अंतर आहे. वाढविणाऱ्याचा हात नावाप्रमाणे चालतो. आमच्या आवारात जे घडले, ते हेच.

पाहुणी तशी सोशिक आहे. तिला पाण्याचा निचरा होणारी जमीन आवडते, सकाळचे ऊन व दुपारची सावली मानवते, आणि एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात थोडी ओढ बसली तरी ती तक्रार करीत नाही. तिला आवडत नाही ती एकच गोष्ट: वारंवार उचलाउचल. गड्डा फोडून लावला की ती रुसते आणि फुलण्यास वर्ष-दोन वर्षे घेते. आमच्याकडे २०१६ च्या पावसाळ्यात लावलेल्या गड्ड्यावर पहिल्या दांड्या आल्या त्या २०१८ साली. चार-सहा फुले झाली, आणि पुढे सारे शांत झाले. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. पाने भरघोस वाढत होती, पंख्यांची संख्या दुप्पट झाली, पण फूल म्हणून दिसेना.

संस्थेच्या माळीबुवांचा हात स्वच्छतेचा. फुले होऊन गेलेली दांडी दिसली की ती ते बुडापासून कापून टाकीत. ग्लॅडिओलसाची, निशिगंधाची दांडी फुले संपल्यावर कापावयाची असते, हे त्यांस परंपरेने ठाऊक होते, आणि त्या झाडांपुरते ते अगदी बरोबर आहे. परंतु पाहुणीची दांडी ही एका बहराची नसते. ती कित्येक महिने, किंबहुना वर्षानुवर्षे हिरवी राहते; एका बहराची फुले गळाली की तिच्याच टोकाशी दुसऱ्या बहराच्या कळ्या आतल्या आत तयार होत असतात. इतकेच नव्हे, तर कधी कधी त्या दांडीवर पात्यांचा एक इवलासा पंखा फुटतो, त्याच्या भाराने दांडी वाकून जमिनीस टेकते, आणि तेथे मुळे धरून नवे झाड उभे राहते. म्हणजे दर दीड-दोन महिन्यांनी आमच्या आवारात जी कापली जात होती, ती पुढल्या वर्षाची फुले होती आणि पुढल्या पिढीची रोपेही होती. माळीबुवांची रीत खोटी नव्हती. ती दुसऱ्या झाडाची होती. 'लिली' ह्या एका चुकीच्या शब्दाने त्यांच्या हातात कात्री दिली होती.

२०२१ साली संस्थेच्या सभेत ठराव आला की, पूर्वेच्या भिंतीलगतची 'वांझ पाती' काढून टाकावी व त्या जागी दुचाकी वाहनांसाठी फरशी बसवावी. 'वांझ' हा शब्द कार्यवाहांनी सहज वापरला असेल. आमच्या कानांस तो फार लागला. मावशीस मूलबाळ नव्हते. तिच्या हयातीत हा शब्द तिने कोणाकोणाच्या तोंडून ऐकला असेल, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या ठरावास विरोध करताना मात्र आम्ही मावशीचे नाव घेतले नाही. सार्वजनिक जागेवर खासगी शोकाचा हक्क सांगणे शोभले नसते. आम्ही एवढेच म्हणालो की, हे झाड वांझ नाही. त्यास फुलू दिले गेलेले नाही. एक वर्षाची मुदत द्यावी, आणि त्या वर्षात त्याच्या दांडीस कोणी कात्री लावू नये. सभासदांनी ती दिली. त्यांच्या ह्या सौजन्याची नोंद येथे करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळीबुवांना घेऊन ताटव्यापाशी बसलो. त्यांनी आपली शंका स्पष्टपणे विचारली, "काका, फुलं झालेली दांडी ठेवून काय करायची? नुसती दिसायला वाईट." आम्ही नुकतीच आलेली एक दांडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "माळीबुवा, वाळकी दांडी चिमटीत धरली की मोडते. ही वाकवून पाहा." दांडी वाकली, मोडली नाही. "जोवर हिरवी आहे, तोवर ती जिवंत आहे. तिला हात लावू नका." त्यांनी मान डोलावली, परंतु रीत हातात मुरलेली असते, आणि शब्द कानातून निसटतात, म्हणून आम्ही प्रत्येक दांडीस लाल दोरा बांधला. वटपौर्णिमेचा दोरा पाहून लोक वडास जसा हात लावीत नाहीत, तसा ह्या दोऱ्यालाही कोणी हात लावला नाही.

पुढल्या वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये, पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर, जुन्याच दांड्यांवर कळ्या फुगल्या. त्या दिवशीच्या आमच्या वहीत नोंद आहे ती अशी: पहाटे सहा वाजता कळ्या सैल, पावणेसात वाजता अकरा फुले पूर्ण उमललेली, दुपारी तीनपर्यंत टवटवीत, चारच्या सुमारास पाकळ्यांच्या कडा आत वळू लागल्या, सहा वाजता त्या जागी ओल्या कागदाच्या बोळ्यांसारखे काहीतरी शिल्लक. दुसऱ्या दिवशी ताटव्यात एकही फूल नव्हते. नंतर सुमारे दोन आठवडे सामसूम, आणि मग पुन्हा एका सकाळी एकदम नऊ फुले! ह्या झाडास इंग्रजीत 'पंधरवड्याची लिली' म्हणतात, ते ह्या खंडित बहरामुळेच. एका ताटव्यातील फुलांनी आपापसांत ठरविल्याप्रमाणे एकाच सकाळी उमलावयाचे, हे वरवर पाहता नवल वाटते. परंतु जिला एकच दिवस आहे, तिने एकटीने येऊन कसे चालेल? माशीला एका फुलातून दुसऱ्या फुलात जावयाचे, तर दुसरे फूल त्याच दिवशी हजर पाहिजे.

त्याच महिन्यात रोपवाटिकेतून आणलेले कुंडीतले रोपही फुलले. दोन्ही फुले आम्ही शेजारी शेजारी धरून पाहिली. पट्टीने मोजता ताटव्यातील फूल साडेसहा सेंटिमीटर, तर कुंडीतले साडेनऊ. परंतु मापाचा पुरावा पक्का नसतो. खत-पाण्याने फुले लहानमोठी होतात. कुंडीतल्या फुलाच्या आतल्या तीन पाकळ्यांच्या तळाशी तपकिरी रंगाचे ठिपके होते; ताटव्यातल्या फुलात ते नव्हते. हा पुरावा अधिक बरा. तरी निर्णायक गोष्ट घडली ती संध्याकाळी. सहा वाजता ताटव्यातील फुले मिटून गेली होती. कुंडीतल्या फुलाच्या देठास आम्ही खूण बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फूल तेथे होते. तिसऱ्या दिवशीही होते. शास्त्रज्ञांनी ह्या दोन जातींत जे भेद नोंदविले आहेत, त्यांत हा एक प्रमुख आहे: इरिडिऑयडीसचे फूल एक दिवस टिकते, ग्रँडिफ्लोराचे तीन दिवस. कुंडीतली ती ग्रँडिफ्लोरा होती. आणि मावशीची पाहुणी ही लिनीअसने नाव दिलेली जुनी इरिडिऑयडीस.

ह्या निर्णयापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या लक्षणावर अखेर निवाडा झाला, ते चित्रात दिसत नाही. वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्यातही ते सापडत नाही. रंग, आकार, ठिपके ह्या गोष्टी एका क्षणात पाहता येतात. फूल किती वेळ राहते, हे पाहण्यास तितकाच वेळ तेथे राहावे लागते. त्यास दुसरा मार्ग नाही. सकाळी येऊन फोटो काढून गेलेल्या माणसास ह्या दोन फुलांतला हा भेद जन्मात कळावयाचा नाही. आणि मागील दाराशी उभी राहून रोज तेच अंगण पाहणाऱ्या एका गृहिणीस तो कोणी न सांगता कळला होता. तिने तो शब्दात पकडलाही होता. 'पाहुणी' ह्या तीन अक्षरांत ह्या जातीचे व्यवच्छेदक लक्षण आले आहे. कुंडीतल्या ग्रँडिफ्लोरास मावशीने ते नाव खचित दिले नसते. तीन दिवस राहणारी ती पाहुणी खरी, पण मुक्कामाची. तिच्यासाठी सकाळी सकाळी शेजारणीला हाक मारण्याची निकड पडत नाही.

ह्यावरून शास्त्रीय नावांची गरज नाही, घरगुती नावे पुरेत, असा अर्थ कोणी काढू नये. मावशीचे नाव एका अंगणापुरते होते. ते अंगण गेले, त्याबरोबर ते नावही गेले असते. शास्त्राच्या नावाने आम्हांस आफ्रिकेतल्या अरण्यांपर्यंत नेले, दांडी का कापू नये हे सांगितले, आणि भर सभेत बोलण्यास आधार दिला. उलट पक्षी, शास्त्राचे नाव ज्या पाहण्यातून निपजले, ते पाहणे आणि मावशीचे पाहणे ह्यांची जात एकच आहे. दोघांनीही झाडाजवळ बसून वेळ घालविला. एकाने त्याची नोंद लॅटिनमध्ये ठेवली, दुसरीने चहाच्या आधणाआधी शेजारणीला हाक मारून. मधल्या मध्ये 'लिली' म्हणून पुढे जाणारे आपण सारे मात्र ह्या दोहोंपैकी कोणत्याच ओळखीचे धनी नसतो.

फरशीचा ठराव पुढे आला नाही. ताटवा आज भिंतीच्या अर्ध्या लांबीपर्यंत पोहोचला आहे. दांड्यांवर दोरे आता लागत नाहीत. नव्या बिऱ्हाडकरूंची मुले दांडी ओढू लागली, तर माळीबुवाच त्यांना समजावून सांगतात. फुलांनंतर धरणाऱ्या हिरव्या बोंडांतले टोकदार, तपकिरी बी आम्ही ज्यास हवे त्यास देतो, आणि बरोबर सांगतो की, बियांपासून फूल पाहण्यास दोन-तीन वर्षे लागतील. पुष्कळ लोक हे ऐकून बी परत करतात. जे ठेवून घेतात, त्यांस आम्ही दोनच गोष्टींची आठवण देतो: दांडी हिरवी आहे तोवर कात्री लावू नये, आणि पहिले फूल येईल त्या दिवशी नाव शोधण्याची घाई न करता, संध्याकाळपर्यंत थांबून ते राहते की जाते हे पाहावे. नाव त्यानंतर आपोआप कळते.